उजेड कुणाचा

चित्र इतकं सुंदर आलं होतं की मला ते बघताक्षणीच खटकलं.

सरांच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनवर ते उघडून ठेवलं होतं. एकाच पेशीची तीन चित्रं, शेजारी शेजारी. पहिल्यात हिरवं जाळं, दुसऱ्यात तांबडं जाळं आणि तिसऱ्यात ती दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर झालेलं पिवळं. हिरवं जाळं बाजारातून विकत आणलेल्या रंगाचं होतं. तो रंग जिवंत पेशीतल्या तंतुकणिकांवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतो, हे जगाला ठाऊक आहे. तांबडं जाळं माझ्या रंगाचं. आणि दोन्ही मिळून पिवळं झालं, याचा अर्थ माझाही रंग नेमका तंतुकणिकांवरच जाऊन बसला होता. हिरव्याची एक रेघ अशी नव्हती की जिच्यावर तांबडी रेघ पडलेली नाही.

सर खुर्चीत रेलून बसले होते. ते माझे गाईड, निवृत्तीला आलेले. एरवी कौतुक करायचं झालं तर नुसतं "बरं" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "जमलं बाई तुझं. आता लिहायला घ्या."

त्यांच्या शेजारी, हे चित्र ज्यानं काढलं तो उभा होता. शाहूवाडीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला मुलगा. आमच्याच संस्थेत जीवशास्त्राच्या बाजूला पेशी वाढवायचा आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोप चालवायचा. मी रसायनाच्या बाजूची. सगळे त्याला शाहूवाडीकर म्हणत, मीही इथं तेच म्हणते. वयानं माझ्याहून थोडा लहान, मला ताई म्हणायचा.

"बघ की ताई," तो म्हणाला, "कसं लोण्यासारखं बसलंय."

मी हसले. चहा घेतला. पण खोलीतून बाहेर पडताना डोक्यात एकच होतं. एवढं जुळत नसतं.

माझं काम काय, ते थोडं सांगायला हवं. आई गावात सांगते, "पोरगी रंगाचं शिकती." लोकांना वाटतं मी भिंती रंगवण्याच्या कंपनीत जाणार. प्रत्यक्षात मी असे रेणू तयार करते की जे जिवंत पेशीत सोडले तर पेशीच्या एकाच भागात जाऊन बसतात आणि वर ठराविक प्रकाश टाकला की चमकतात. पेशी मरू न देता तिच्या आत काय चाललंय ते बघता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. तंतुकणिकांच्या आत ऋण भार असतो. म्हणून त्यांच्यासाठीच्या रेणूवर धन भार ठेवायचा, म्हणजे तो आपसूक आत ओढला जातो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. करायला गेलं की कधी रेणू पाण्यात विरघळत नाही, कधी पेशीच मरते, कधी रंग सगळीकडे पसरून नुसता चिखल दिसतो. माझा रेणू पाण्यात विरघळेना म्हणून मी त्याला अमाइनचं एक छोटंसं शेपूट जोडलं होतं. शेपूट जोडल्यावर तो विरघळला. आणि पहिल्याच फटक्यात असं चित्र आलं.

संशय घेणं आमच्या घरात वाईट मानत नाहीत. हातकणंगल्याजवळचं गाव आमचं. वडील लाईनमन होते. खांबावर चढायच्या आधी दुसरा कुणी "लाईन बंद हाय" म्हणाला तरी ते स्वतः तपासल्याशिवाय तारेला हात लावत नसत. अजूनही घरातून निघालो की कोपऱ्यावरून परत जाऊन कुलूप ओढून बघतात. मी त्यांच्यावरच गेलेय असं आई म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

तर मी बघायला लागले. शाहूवाडीकरनं ते चित्र मी नसताना काढलं होतं. मी त्याच्याकडे मूळ फाईल मागितली. यंत्रातून निघालेली, काही न केलेली.

"देतो की. हार्ड डिस्कवर हाय."

दोन दिवसांनी परत मागितली. "देतो म्हटलं की ताई. डिस्क खोलीवर ऱ्हायलीया."

मग माझ्या रंगाची कुपी परत आली. तिच्या तोंडावर मी मेणाची पट्टी गुंडाळून दिली होती. ती पट्टी मी जशी गुंडाळते तशीच, त्याच घट्टपणे, त्याच दिशेनं गुंडाळलेली होती. एकही सुरकुती नाही. आत रंग जेवढा दिला तेवढाच दिसत होता. पेशींना रंग लागतो तो डोळ्याला न दिसण्याइतका, हे मला ठाऊक होतं. तरी मी ती कुपी उजेडात धरून बराच वेळ बघत बसले. ही कुणी उघडलीच नसेल तर?

त्याच्या फ्रीजमध्ये बाजारातल्या रंगांचे खोके होते. त्यातला एक तांबडा होता आणि तोही तंतुकणिकांवरच बसणारा. असे खोके कुठल्याही पेशीवाल्याकडे असतात. पण एकदा डोक्यात आलं की त्या खोक्याकडेच नजर जायला लागली. माझा रंग न वापरता त्यानं हा घातला असला, तर चित्र असंच येणार.

का करेल तो असं? सरांना निवृत्तीच्या आधी शोधनिबंध हवा होता. त्याला सरांची शिफारस हवी होती. कारणं शोधायला बसलं की सापडतातच. तोवर निबंध लिहून झाला आणि सरांनी तो पाठवूनही दिला. त्यावर माझं नाव पहिलं होतं, त्यामुळे मला झोप नीट लागेना.

याच दिवसांत पेठेत ते नोटेचं झालं.

मी शिवाजी पेठेत एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत होते. खाली घरमालकीण काकू आणि त्यांचे मिस्टर. ते दिवसभर दुकानात आणि संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर. काकू तोंडानं फटकळ, पण आमटी चांगली झाली की वाटीभर वर आणून द्यायच्या. मी खोली बघायला आले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "काय म्हणालीस आडनाव?" आमचं घर आजोबांच्या पिढीपासून बौद्ध. खोली शोधताना हा प्रश्न दोनदा आला की पुढं काय होतं, ते आम्हाला नवीन नाही. पण काकूंनी खोली दिली. ऐकू कमी आलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पुरतं पटलं नव्हतं.

तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्या महिन्यात कुणीतरी खोटी नोट दिली होती. त्यानं गल्ल्याशेजारी जांभळ्या दिव्याची एक पेटी आणून ठेवली आणि येईल ती नोट तिच्याखाली धरायला लागला. मी पोहे आणि चहापूड घेतली, पाचशेची नोट दिली. त्यानं ती दिव्याखाली धरली, आणि नोटेवर एक नारिंगी डाग पेटून उठला. अंगठ्याएवढा, अंगठ्याच्याच आकाराचा.

"हे काय ओ ताई?" दुकानदार म्हणाला.

मला लगेच कळलं. "माझ्या हाताचा रंग लागलाय. मी लॅबमध्ये काम करते, तिथला आहे."

त्यानं नोट बाहेर काढून उजेडात बघितली. उजेडात काहीच दिसत नव्हतं. परत दिव्याखाली धरली. परत नारिंगी.

"रंग असता तर हितं बी दिसला असता की. खरी नोट अशी पेटत न्हाय."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खऱ्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली मंदच राहतो. मागं दोन-तीन गिऱ्हाइकं थांबली होती, ती वाकून बघायला लागली. पटवून द्यावं म्हणून मी माझा हातच दिव्याखाली धरला. हातमोजे काढताना कधीतरी लागलेलं असणार. माझा अंगठा आणि शेजारची दोन बोटं निखाऱ्यासारखी दिसायला लागली.

माझी बाजू सिद्ध झाली असं मला वाटलं. मागची बाई मात्र पिशवी छातीशी धरून एक पाऊल मागं सरकली.

"दुसरी द्या," दुकानदार म्हणाला. ती नोट त्यानं दोन बोटांत धरून मला परत केली.

पेठेत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. रविवारी दुपारी काकू जिना चढून वर आल्या. हातात वाटी नव्हती. दारातच उभ्या राहिल्या.

"मी जरा इचारायला आलतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा, पुरुषी वळणानं. "तू तिथं नेमकं काय करतीस?"

"रंग तयार करते काकू. पेशी बघायला वापरतात ते."

"नोटंला लावायचा रंग हाय म्हणत्यात लोकं."

"कोण लोकं?"

"लोकं म्हंजी लोकं. मला माझं घर बघाय पायजे. उद्या कोण आलं इचारत तर मी काय सांगू?"

मला राग आला. आणि रागाबरोबर तेही आलं, त्या दोनदा विचारलेल्या आडनावाचं. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर अशा वर आल्या असत्या का? काकूंच्या चेहऱ्यावर ते शोधायचा मी प्रयत्न केला. चेहऱ्यावर भीती होती. ती कशाची, ते काही मला वाचता आलं नाही.

मी म्हणाले, "बसा. दाखवते तुम्हाला."

माझ्याकडे तसाच जांभळा टॉर्च होता. भांडी धुतल्यावर रंग उरला का ते बघायला आम्ही तो वापरतो. मी खिडकी लावली, फटीवर चादर टाकली आणि टॉर्च पेटवला. आधी दाराची कडी. नारिंगी. मग नळाची चावी, बॅगेचा पट्टा, पेनाचं टोपण, सगळ्यांवर बारीक बारीक नारिंगी ठिपके. मी दचकले. इतकी काळजी घेऊनही मी घरी एवढं आणलं होतं.

"इख हाय का हे?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

"एवढ्यानं काही होत नाही. पण मी पुसून घेते सगळं. आजच घेते."

टॉर्च फिरता फिरता दोरीवरच्या कपड्यांवर गेला. टॉवेल, उशीचा अभ्रा, ओढणी, सगळं निळं-पांढरं होऊन चमकायला लागलं. काकू उठूनच उभ्या राहिल्या. त्यांच्या पातळाखालच्या परकराची कडसुद्धा निळी पेटलेली होती. त्यांनी ती झटकली.

"हे बी तुझंच?"

"नाही काकू. हे धुण्याच्या पावडरीतलं आहे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून घालतात. हे तुमचं तुमच्याच घरातलं आहे."

त्या परकराच्या कडेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यातलं तुझं कुठलं आन् माझं कुठलं, ते मला काय म्हाईत? पेटतंय एवढंच दिसतंय." आणि जिना उतरून गेल्या.

मी ओल्या फडक्यानं कड्या पुसायला घेतल्या. पुसता पुसता ते वाक्य डोक्यात फिरत होतं. मला निळं आणि नारिंगी वेगळं दिसत होतं, म्हणून माझं कुठलं ते मी सांगू शकत होते. पण यंत्राला रंग दिसत नाही. कॉन्फोकलमध्ये पेशीकडून येणारा प्रकाश एका गाळणीतून जातो. पलीकडे किती प्रकाश पोचला एवढंच यंत्र मोजतं. मग आपण त्याला सांगतो, या गाळणीतून आलेलं हिरवं दाखव, त्या गाळणीतून आलेलं तांबडं दाखव. तांबड्या गाळणीतून आलेला प्रकाश माझ्याच रंगाचा आहे, हे यंत्र सांगत नाही. ते आपण गृहीत धरतो.

फडकं तसंच हातात धरून मी खाली बसले. शाहूवाडीकरनं काही केलेलंच नसेल आणि तरीही ते चित्र खोटं असेल, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पण संशय असा एका दुपारीत सुटत नाही. सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले तेव्हा दोन्ही शक्यता मी बरोबर घेऊन गेले होते. तो पेशींच्या डब्या इनक्युबेटरमध्ये लावत होता. मी दार लावून घेतलं.

"एक विचारू? त्या चित्रात माझा रंग तू खरंच घातलतास का?"

तो वळला. "म्हंजी मी चोर हाय म्हण की."

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस. सरळ इचारलंस ते बरं केलंस, पण म्हटलंस तसंच."

"कुपीची पट्टी हललेली नव्हती."

"अगं बये, मागं एकदा तुझी कुपी वाळली म्हणून केवढी आरडलीस माझ्यावर. तवापासनं तुझ्यासारखीच गुंडाळतो. शिकलो की बघून बघून."

"आणि फाईल?"

तो स्टुलावर बसला. हातमोजा काढला, परत घातला. "आता तू इचारलंस म्हणून सांगतो. मला वाटलतं, तू फाईली नेणार, यंत्र शिकून घेणार आणि निबंधातनं माझं नाव काढणार. मागच्या वर्षी एकानं तसंच केलंय माझं. म्हणून देत नव्हतो."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. माझ्याकडे बघणारंही कुणी आहे, आणि तो मला काय काय समजतोय, हे मी धरलंच नव्हतं.

"चल," मी म्हणाले. "तीन डब्या करू. एकीत नुसता हिरवा, एकीत नुसता माझा, एकीत दोन्ही. सेटिंग त्या दिवशीचंच ठेव."

"माझ्याम्होरं तूच घाल रंग. न्हाईतर परत म्हणशील."

"आणि तू माझ्या हाताकडं बघ."

असं ते झालं. मी रंग घालत होते आणि तो माझ्या बोटांकडे बघत होता. मग तो यंत्र चालवत होता आणि मी त्याच्या. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, दोघं मिळून काहीतरी बारकाईचं काम करतायत.

पहिली डबी नुसत्या हिरव्याची. स्क्रीनवरच्या हिरव्या खिडकीत जाळं आलं, नेहमीसारखं. मग त्यानं तांबडी खिडकी उघडली. तिथं काळोख असायला हवा होता.

तिथं तेच जाळं होतं. रेघ न् रेघ तीच.

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. "ह्यात तुझं काय न्हाय?"

"तूच बघत होतास की."

त्यानं डबी काढून झाकणावरचं नाव वाचलं, परत ठेवली. दुसरी जागा निवडली, तिसरी निवडली. सगळीकडे तेच. "मग हे तांबडं कुणाचं?"

"हिरव्याचंच. त्याचा थोडा प्रकाश पार नारिंगीपर्यंत जातो."

तो हळूहळू म्हणाला, "आणि मी दोन्ही रंग पेटवायचे लेझर एकदमच चालू ठेवलते. तुझं फिकं येत हुतं म्हणून तांबड्याचा आवाज बी पार वर न्हेलता."

तो यंत्राच्या संवेदनशीलतेला आवाज म्हणायचा, रेडिओसारखा. तेवढा आवाज वाढवल्यावर हिरव्याची कुजबुजही आम्हाला माझं गाणं म्हणून ऐकू आली होती. दोन्ही चित्रं जुळणारच. ती एकाच रंगाची दोन चित्रं होती.

मग त्यानं माझ्या एकट्या रंगाची डबी ठेवली. हिरवी खिडकी काळी. तांबड्या खिडकीत जाळं नव्हतं. केंद्रकाच्या आसपास गोल गोल ठिपके होते, बारीक, आणि ते सावकाश हलत होते. एक ठिपका दुसऱ्याजवळ गेला, थांबला, परत फिरला.

"हे तर त्या दिवशी बी हुते," शाहूवाडीकर म्हणाला. "सर म्हणाले, रंगाच्या गुठळ्या हायत, विरघळला नसंल नीट. ठिपकं नसल्याली जागा बघून फोटो काढ म्हणाले."

ठिपके बघून मला माझंच शेपूट आठवलं. पाण्यात विरघळावं म्हणून जोडलेलं अमाइन. पेशीत लयकारिका असतात. मोडकं, निरुपयोगी जे असेल ते तिथं जाऊन कुजतं आणि आत आम्ल असतं. अमाइन आम्लात गेलं की भार घेतं आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. माझा रंग तंतुकणिकांकडे गेलाच नव्हता. तो पेशीच्या उकिरड्यावर जाऊन बसला होता, आणि तिथं छान चमकत होता.

सरांना सांगणं अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि पहिलं विचारलं ते, "तुला हे करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर."

"निबंध गेल्यावर बरं सुचलं. तो काय म्हणतोय? आधी तोच म्हणत होता ना, लोण्यासारखं बसलंय म्हणून? आता फिरला?"

"तो फिरला नाही. आम्ही दोघांनी मिळून बघितलं."

"दोघांनी मिळून," सर म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की आमच्या दोघांचं काहीतरी शिजतंय असा त्यांचा समज झाला, हे मला कळलं. पलीकडच्या विभागातल्या कुणीतरी आम्हाला फूस लावली, असंही कदाचित त्यांच्या मनात आलं असेल. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी न सांगता ते मायक्रोस्कोपच्या खोलीत आले. कित्येक वर्षांत त्यांनी हातात पिपेट धरलेलं मी बघितलं नव्हतं. शाहूवाडीकरला म्हणाले, "एक कोरी डबी दे." त्यात त्यांनी स्वतः हिरवा रंग घातला. आम्हाला दोघांना बाजूला उभं केलं आणि कुठलं बटण कशाचं ते विचारून विचारून स्वतःच तांबडी खिडकी उघडली. जाळं आलं. त्यांनी ते बघितलं. उठले, खुर्ची जागेवर ढकलली आणि गेले. त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागं घेतला. मला पुढचे काही दिवस त्यांनी नुसतं "बरं" एवढंच ऐकवलं, आणि त्यातलं कुठलंही कौतुकाचं नव्हतं.

पुढं आम्ही पेशींतलं आम्ल घालवणारं औषध घालून बघितलं. ठिपके एकेक करून विझले. म्हणजे ते लयकारिकाच होते, एवढं नक्की झालं. लयकारिका दाखवणारे रंग आधीच भरपूर आहेत, त्यामुळे आमच्याची कुणाला फार नवलाई वाटली नाही. नवा निबंध एका लहानशा नियतकालिकात छापून आला. नावं आमच्या तिघांचीही होती, आणि यादी पाठवायच्या आधी ती बरोबर आहे का ते आम्ही तिघांनीही वेगवेगळं तपासलं.

काकूंनी मला घर सोडायला सांगितलं नाही. पण आमटीची वाटी वर येणं बंद झालं. मी रोज संध्याकाळी साबणानं कडी पुसते, हे त्यांना दिसेल अशा बेतानं पुसायचे. वर्ष संपल्यावर मी दुसरीकडे खोली घेतली. निघताना त्यांनी कुंकवाचं बोट पुढं केलं, मग मध्येच थांबून म्हणाल्या, "तुमच्यात लावत्यात का?" म्हणजे आडनाव त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तरी खोली दिली होती. मग वाटी कशानं बंद झाली, रंगानं की आणखी कशानं, ते मी त्यांना विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोगही नाही. मी कपाळ पुढं केलं.

शाहूवाडीकर मला अजून ताई म्हणतो. मधले काही महिने नुसतं "मॅडम" म्हणत होता. गेल्या उन्हाळ्यात मी नवे रेणू केले, शेपूट काढून, या वेळी खरोखरच तंतुकणिकांसाठी. कुप्या घेऊन गेले तर त्यानं त्या हातातच घेतल्या नाहीत.

"नावं पुसून आण. नुसतं आकडं घाल."

"का?"

"मला म्हाईत असलं की मला तेच दिसतंय."

मी नावं पुसली, आकडे घातले. आणि त्याला न सांगता एका कुपीत नुसतं द्रावक भरलं, रंगाचा थेंबही नाही.

आठवड्यानं त्याचा फोन आला. एक नंबर बरा आहे, दोन नंबरानं पेशी मरतायत, चार नंबर बघण्यासारखा आहे. मग थांबला. "तीन नंबरात काय न्हाय."

"नीट बघ."

"बघितलंय."

"आवाज वाढवून बघितलास?"

"सगळं करून बघितलं. दोनदा नव्या डब्या केल्या. न्हाय म्हणजे न्हाय. तू म्हणशील हाय, तर तू ये आणि तूच दाव मला."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "त्यात काही नव्हतंच. नुसतं द्रावक होतं."

मला वाटलं, आता परत मॅडम सुरू होणार.

"आणि चार नंबरात?" त्यानं विचारलं. "त्यात तरी काय हाय का, का ते बी असंच?"

"ते उद्या बघू," मी म्हणाले. "हिरवा न घालता बघू आधी."

"व्हय," तो म्हणाला. "आन् सरांना आत्ता काय सांगू नको."